मॅटवरची लढत आणि रस्त्यावरचा प्रसंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची असून गेली चार वर्षे तायक्वांदो शिकत आहे, जिल्हास्तरीय स्पर्धेत तिने पदकही मिळवले आहे. ‘नीट’च्या तयारीसाठी ती येत्या जूनपासून लातूरला वसतिगृहात राहणार आहे. नुकतेच तिच्या महाविद्यालयात दोन दिवसांचे स्वसंरक्षण शिबिर झाले. तेथील प्रशिक्षकांनी सर्वांसमोर सांगितले, की तायक्वांदो, कराटे, ज्यूदो हे गुण मोजण्याचे खेळ आहेत आणि रस्त्यावर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. डोळ्यांत बोटे घालणे आणि गळ्यावर प्रहार करणे हेच खरे स्वसंरक्षण. तेव्हापासून मुलगी संभ्रमात आहे. तायक्वांदो बंद करून तिला या नव्या वर्गात घालावे काय?
– एक पालक, परभणी

उत्तर : तायक्वांदो बंद करू नका. त्या प्रशिक्षकांचे अर्धे म्हणणे मात्र खरे आहे आणि ते अर्धे कोणते, हे आपल्या मुलीला नेमके ठाऊक असले पाहिजे. म्हणून आधी तेच सांगतो.

प्रत्येक खेळाचे नियम खेळाडूच्या अंगात काही सवयी मुरवतात. तायक्वांदोच्या स्पर्धेत धडावरच्या ठोशाला १, धडावरच्या लाथेला २ आणि डोक्यावरच्या लाथेला ३ गुण मिळतात, गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याहून अधिक. चेहऱ्यावर ठोसा मारण्यास आणि कमरेखाली लाथ मारण्यास बंदी आहे. साहजिकच चेहऱ्याकडे हात येणारच नाही अशी खात्री असलेला खेळाडू हात खाली सोडून वावरू लागतो आणि तोल गेला तरी पंच लढत थांबवतील हे गृहीत धरून उंच लाथेचा धोका पत्करतो. रस्त्यावरच्या प्रसंगात पहिला घाला बहुधा हाताचाच असतो, आणि मुलींच्या बाबतीत त्याहूनही अनेकदा मनगट, केस, ओढणी किंवा पाठीवरची पिशवी धरली जाते. समोरचा वीतभर अंतरावर आला, की ज्या लाथेसाठी पायाला मोकळी जागा हवी ती लाथ उरतच नाही. पायांत चपला, खाली खडी किंवा पावसाने निसरडा झालेला रस्ता आणि खांद्यावर पुस्तकांचे ओझे असताना डोक्याच्या उंचीवर पाय नेणे म्हणजे स्वतःला खाली पाडून घेणेच होय.

आता उरलेले अर्धे, जे मला चुकीचे आणि काहीसे घातकही वाटते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्यूदोची स्थापना केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील प्रहारासारखे धोकादायक भाग त्यांनी ‘काता’ या ठरावीक क्रमाच्या अभ्यासात ठेवले, आणि जे डाव पूर्ण ताकदीने घातले तरी जोडीदार दुसऱ्या दिवशी सरावाला उभा राहू शकतो, असे डाव मुक्त सरावासाठी राखले. या निवडीमागचा विचार मोलाचा आहे. विरोध करणाऱ्या, घामाघूम झालेल्या, आपला डाव ओळखून उलटवू पाहणाऱ्या माणसावर जो डाव शेकडो वेळा घातला गेला आहे, तोच भीतीने हातपाय गार पडलेले असतानाही अंगातून निघतो. डोळ्यांत बोटे घालण्याचा सराव कोणावरही खराखुरा करता येत नाही. शिबिरात तो हवेत किंवा स्वतःहून मान पुढे करणाऱ्या मैत्रिणीवर केला जातो, आणि दोन दिवसांनी मुलीकडे राहते ती केवळ आपल्याला काहीतरी प्राणघातक येते अशी समजूत. तसा प्रहार मुळीच करू नये असे मी म्हणत नाही. जिवावर बेतल्यास सर्व काही क्षम्य आहे, परंतु त्यावर साऱ्या तयारीचा पाया रचता येत नाही.

आपल्या मुलीने चार वर्षे प्रतिस्पर्ध्याच्या लाथा खाल्ल्या आहेत, अंतर कधी तोडायचे आणि कधी राखायचे हे तिच्या पायांना कळते, आणि दोन मिनिटांच्या फेरीत दम लागला तरी तिचे डोळे उघडे राहतात. या गोष्टी दोन दिवसांत कोणी देऊ शकत नाही. कौले फोडण्याची प्रात्यक्षिके आणि वर्षभरात काळा पट्टा मिळवून देण्याची हमी, यांना मी शिक्षणात धरत नाही. असे वर्ग आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत आणि पालकही प्रमाणपत्राच्या आशेने तेथे रांगा लावतात, पण तो वेगळा विषय आहे.

खेळात जे शिकवलेच जात नाही, ते म्हणजे प्रसंगाची सुरुवात. मॅटवर पंचांच्या इशाऱ्यावर लढत सुरू होते, प्रतिस्पर्धी आपल्याच वजनगटातला असतो आणि काय घडणार आहे हे दोघांनाही माहीत असते. बाहेर आधी बोलणे असते, ओळख काढणे असते, आडवे येऊन उभे राहणे असते. आणि ‘हा खरोखर त्रास देतो आहे, की मीच अधिक विचार करते आहे’ या घोळात मुलींचा मोलाचा वेळ जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे असे दिसते, की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसावर झडप घालण्याचे शिक्षण घेतलेली मुलगी, ओळखीच्या माणसाला भर जेवणाच्या टेबलावर ‘हात काढा’ असे मोठ्याने सांगू शकत नसेल, तर ते शिक्षण नको त्या ठिकाणी खर्ची पडले असे म्हणावे लागेल. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी १२ तासांचा असा एक कार्यक्रम राबवून त्याची शास्त्रीय पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाला नकार देताना वाटणारा संकोच मोडणे आणि मग शब्दांनी व अंगाने प्रतिकार करणे, असा त्याचा क्रम होता. पुढील वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्या विद्यार्थिनींचे प्रमाण कार्यक्रम न घेतलेल्या गटात ९.८ टक्के, तर घेतलेल्या गटात ५.२ टक्के आढळले. हाताने मारण्याचा भाग त्यात थोडाच होता.

म्हणून जूनपर्यंतच्या दिवसांत तिच्या तायक्वांदोच्या प्रशिक्षकांनाच विनंती करा, की आठवड्यातून एकदोनदा वर्गानंतर थोडा वेळ वेगळा सराव घ्यावा. त्यात ती गणवेशात नसावी. रोजच्या कपड्यांत, चपला घालून आणि पिशवी खांद्याला अडकवून उभी असावी. समोरच्याने आधी बोलत बोलत जवळ यावे, तिने तळहात पुढे धरून आवाज चढवून त्याला थांबवावे आणि न थांबल्यास मनगट सोडवून, नडगीवर किंवा मांडीवर आखूड लाथ मारून दाराकडे पळावे. दार गाठले की सराव संपला, समोरचा पडला की नाही हे कोणी पाहू नये. हात वर ठेवून, हातमोजे घालून हलके ठोसे चेहऱ्यावर घेण्याची सवय करावी. खाली पडल्यावर पाय समोरच्याकडे ठेवून, एका हाताचा टेकू घेत उठण्याचाही सराव व्हावा. तायक्वांदोत पडणे हा दंडाचा विषय असल्याने पडल्यानंतरचे शिक्षण तेथे जवळजवळ नसतेच. जोडीदाराने खरोखर धरून ठेवावे आणि तिला काही वेळा अपयशही येऊ द्यावे. कोणताही नवा वर्ग पारखायचा झाला तर हेच पाहा, की तेथे जोडीदार मनापासून विरोध करतो का. ‘आमचे डाव इतके घातक आहेत की ते कोणावर करून पाहता येत नाहीत’ असे जेथे सांगितले जाते, तेथून परत यावे.

लातूरला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वसतिगृह, शिकवणी आणि मेस यांमधील रस्ता तिच्यासोबत रात्रीच्या वेळी एकदा चालून पाहा. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि महिला मदत क्रमांक १८१ तिला पाठ असावेत. पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे, हेही तिला सांगून ठेवा, आणि अशी तक्रार घरी केल्यास शिक्षण बंद होणार नाही असा शब्द द्या. अनेक मुली केवळ त्या भीतीने गप्प राहतात.

प्रश्न : पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून मी तालमीत जातो. सध्या पोलीस भरतीची तयारी करत आहे. गेल्या जत्रेत चारपाच मुलांशी बाचाबाची झाली. मित्रांनी सोडवले म्हणून निभावले. अशा वेळी कुस्ती चालते का, आणि मी कोणाला उचलून आपटले तर कायदा काय म्हणतो?
– एक वाचक, जिल्हा बीड

उत्तर : कुस्ती चालते, आणि तीच तुमची अडचण आहे. तालमीचा हौद लाल मातीत तेल, ताक, हळद घालून मऊ केलेला असतो. तोच ढाक किंवा धोबीपछाड हा आपटण्याचा डाव सिमेंटच्या रस्त्यावर बसला आणि समोरच्याचे डोके आधी टेकले, तर माणूस दगावू शकतो. दुसरे असे, की मातीत पाठ टेकली की पराभव होतो, म्हणून मल्ल अडचणीत सापडला की पोटावर वळतो. रस्त्यावर पोटावर पडलेल्या माणसाला मागून येणारी लाथ दिसत नाही. तेथे समोरच्याकडे तोंड ठेवून उठणेच हिताचे. चौघांपैकी एकाचा पट काढून, म्हणजे पाय धरून त्याला पाडून, त्याच्यासह खाली गेलात, तर उरलेले तिघे उभे असतात हे विसरू नका. अंगाला अंग भिडल्यावर न घाबरणे, पकड सोडवणे आणि धक्का खाऊनही पायांवर राहणे, ही कुस्तीची देणगी तुम्हाला गर्दीतून बाहेर पडण्यासाठी वापरता येईल. चाकू दिसला, तर पाकीट आणि मोबाईल देऊन टाकावा व अंतर वाढवावे. त्यावर कोणताही डाव शोधत बसू नये.

कायद्याविषयी : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराच्या रक्षणासाठी तो वापरता येतो आणि धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो. पहिला ठोसा खाईपर्यंत थांबण्याचे बंधन नाही. परंतु कलम ३७ नुसार संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ असताना हा हक्क मिळत नाही. धोका संपला की हक्कही संपतो, म्हणजे पळणाऱ्याला गाठून घातलेला एक तडाखा तुम्हालाच आरोपी करतो. ‘चल बाहेर, बघून घेतो’ असे म्हणून दोघांनी ठरवून केलेल्या मारामारीत तर हा बचाव टिकणे फार कठीण असते. भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा समोर येतो, हे तुम्हाला सांगायला नकोच. प्रसंग घडलाच, तर त्याच दिवशी ठाण्यात जाऊन स्वतः फिर्याद द्या आणि वैद्यकीय तपासणी करून घ्या.

प्रश्न : नांदेडला होला मोहल्ला या शिखांच्या उत्सवाच्या वेळी गतका हा काठी-ढालीचा खेळ पाहिला आणि तो शिकावासा वाटतो. स्वसंरक्षणाला त्याचा उपयोग होईल का?
– एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : पायांची हालचाल आणि लांब वस्तूचे अंतर ओळखण्याची नजर यांसाठी तो उत्तम आहे, आणि ती परंपरा तुमच्या शहरात जिवंत असताना इतरत्र जाण्याचे कारण नाही. मात्र काठी रोज सोबत नसते, तेव्हा जोडीला ज्यूदो किंवा कुस्ती यांपैकी एक शिका, म्हणजे कोणी येऊन धरले तर गोंधळ उडणार नाही. गतक्याच्या वर्गात ढाल धरून समोरासमोरचा खेळ घेतला जातो की केवळ काठी फिरवण्याचे प्रदर्शन, हे प्रवेश घेण्याआधी एकदा बसून पाहा.