लेबल न काढलेला ड्रेस

मावशी, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण चार दिवस गुहागरला जाऊन आलो. येताना माणगावला दीड तास गाडी जागची हलली नाही. घरी आल्यापासून एकटी मीच राबतेय. मशीन सात वेळा लावलं, मोरीच्या जाळीत वाळू, नवरा लॅपटॉपला चिकटलेला, मुलं मोबाइलला. (सासूबाईंच्या कपड्यांचा तेवढा त्रास नाही, त्यांत वाळूचा कण नव्हता. नवा पंजाबी ड्रेस तर लेबलसकट परत आला. ६७व्या वर्षी, आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईने तो कशाला घेतला, देव जाणे.) त्यात त्या आल्यापासून घुश्शात आहेत. भाजीत मीठ कमी, पंखा जास्त. पुढच्या वेळी त्यांना नणंदेकडे ठेवून जावं का?
— थकलेली, नेरूळ

वाळूचं आधी उरकते. ओले कपडे मशीनमध्ये कोंबायचे नाहीत. कडकडीत वाळवायचे, झटकायचे, मग धुवायचे. झाडू नवऱ्याच्या हातात दे, विचारत बसू नकोस. झालं.

आता तो ड्रेस. तू कंसात टाकून मोकळी झालीस आणि मी दोन दिवस त्या कंसातच अडकलेय. देव जाणे म्हणे! अगं, साडी नेसून लाटेत उभी राहिलीयेस कधी? पाणी मागे जाताना निऱ्या ओढून नेतं. परकर वाळूने जड होतो, पोटऱ्यांना चिकटतो, आणि चारचौघांत पिळायचा तरी कसा? म्हणून आपल्याकडच्या कितीतरी बायका घोटाभर पाण्यातून निऱ्या मुठीत धरून माघारी येतात. तुझ्या सासूने त्यावर उपाय शोधला होता. दुकानात जाऊन, स्वतःच्या मापाचा. बाई समुद्रात उतरायच्या तयारीने निघाली होती, आणि घरातल्या एकालाही ते दिसलं नाही.

चार दिवस त्या काय करत होत्या, हे तू लिहिलेलं नाहीस. मी सांगते. सुरूच्या सावलीत सगळ्यांच्या चपला, मोबाइल आणि गाडीची किल्ली सांभाळत होत्या. पहिल्या दिवशी कुणीतरी "आई, तुम्ही बसा" म्हणालं असणार. तू नाहीतर त्यांचा लेक. एकदा बसवलं की माणूस बसतो गं. मग चौथ्या दिवशी "मलाही यायचंय" म्हणायची लाज वाटते. तुझ्या भाजीत मीठ बरोबरच असणार. त्या खाऱ्या पाण्याला मुकल्यात.

आणि तू विचारतेस, नणंदेकडे ठेवू का! मला तुझा राग आलाय, लपवत नाही.

येत्या अष्टमीच्या जवळचा शनिवार धर. तेव्हा समुद्राला भांग असतो, म्हणजे पाण्याला उधाणाचा जोर नसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, कुठल्याही कोळणीला विचार. आठाचे सहा. म्हणजे सकाळी नऊला पाणी उतरत असेल. नेरूळहून उरण लोकल पकड. जानेवारी २०२४पासून ती थेट उरणपर्यंत जाते, वाटेत माणगाव लागत नाही. तिथून पिरवाडीच्या किनाऱ्याला रिक्षा. गुहागरसारखी लांबलचक वाळू नाही मिळायची, खडक आहेत, तेव्हा मोकळी जागा बघून उतरा. तुम्ही दोघीच. घरचा कुकर नवरा लावेल.

लेबल आदल्या रात्री तू कापायचंस, त्यांच्यासमोर. "आई, उद्या हा घाला" एवढंच म्हण. माफीबिफी नको, भाषण तर अजिबात नको. त्या आढेवेढे घेतील. गुडघे, ऊन, लोक काय म्हणतील. दोनदा नाही म्हणतील, तिसऱ्यांदा विचार. पाण्यात हात धर, गुडघ्याच्या वर जाऊ नका. चपला राहू देत वाळूवर. गेल्या तर गेल्या, उरणच्या बाजारात मिळतात.