मज्जारज्जूला उजवीकडे इजा झाली, तर वेदनेची जाणीव डावीकडची का जाते?

कारण वेदना आणि कंपन यांचे मार्ग वेगवेगळ्या पातळीवर बाजू बदलतात. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

उजव्या पायाला टाचणी टोचली असं समजा. पहिला न्यूरॉन (चेतापेशी) मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात (आतल्या करड्या भागाच्या मागच्या टोकात) शिरतो आणि तिथेच दुसऱ्याला निरोप देतो. हा दुसरा एक-दोन खंडांतच मध्यरेषा ओलांडून डावीकडे जातो आणि स्पायनोथॅलॅमिक मार्गाने मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रापर्यंत चढतो. तापमानाची वाटही हीच.

आता त्याच पायाच्या घोट्यावर कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क टेकवा. हा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभातून, उजवीकडूनच, थेट मेड्युलापर्यंत (मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत) जातो. तिथे ग्रॅसाइल केंद्रक या चेतापेशींच्या पुंजक्यात (हाताचा संदेश असेल तर क्युनिएटमध्ये) न्यूरॉन बदलतो आणि मगच बाजू ओलांडतो.

म्हणून मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग कापला गेला, तर इजेच्या खाली उजव्या पायाला कंपन कळत नाही आणि डाव्या पायाला टाचणी. यालाच ब्राउन-सेकार सिंड्रोम म्हणतात. ताकद मात्र उजव्याच पायाची जाते, कारण हालचालीचा मुख्य मार्ग वर मेड्युलातच ओलांडून आलेला असतो.