हॉर्न वाजतोय ना? मग आधी पायाखाली बघा

तुमचा प्रश्न असा: नऊ वर्षं जुनी मॅन्युअल गाडी, क्रूझ कंट्रोलचं (ॲक्सिलरेटर न दाबता गाडी ठरावीक वेगावर धरून ठेवणारी सोय) बटण दाबलं की मीटरमध्ये दिवा येतो, पण ८० वर 'सेट' दाबलं तरी वेग धरत नाही, आणि गॅरेजवाले स्टिअरिंगमधली स्पायरल केबल (स्टिअरिंगवरच्या बटणांना गाडीशी जोडणारी गुंडाळलेली केबल) बदला म्हणतात. तुमच्या जागी मी असतो तर अजून खिशात हात घातला नसता.

ही केबल गेली की सहसा हॉर्न मुका होतो, गाण्यांची बटणं मरतात किंवा एअरबॅगचा दिवा लागून राहतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत क्रूझची सगळी बटणं एकाच वायरवर असतात. प्रत्येकाचा रेझिस्टन्स वेगळा, त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ओळखतो कोणतं दाबलं ते. मेन बटण पोचतंय, म्हणजे वाट बहुधा शाबूत आहे.

माझा संशय पेडलच्या स्विचवर. ब्रेक किंवा क्लच दाबलेला आहे असं ईसीयूला वाटलं की तो क्रूझ धरतच नाही. इथे सगळे फसतात ते एकाच गोष्टीला: ब्रेक लाइट लागतो आणि विझतो, मग स्विच चांगलाच असणार! पण त्या स्विचमध्ये बहुधा दोन संपर्क असतात. पेडल दाबल्यावर एक जुळतो, दुसरा तुटतो. लाइट पहिल्यावर चालतो. दुसरा खराब झाला तरी बाहेरून काही कळत नाही. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०५७१ किंवा पी ०५०४ (दोन्ही ब्रेक स्विचचे कोड) निघाला तर रोख इकडेच. कोड नसला तरी लाइव्ह डेटात ब्रेक आणि क्लचची स्थिती बघा, पेडल हळूहळू दाबत. स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलवर हे दिसेलच असं नाही. मग स्विचचा कनेक्टर काढून मल्टिमीटर बीपवर (संपर्क जुळला की वाजतो त्या सेटिंगवर) लावा. मात्र काही गाड्यांत स्विच हॉल सेन्सरचा, म्हणजे चुंबकावर चालणारा, असतो, तिथे बीपचा उपयोग नाही.

माझ्या गाडीत तर स्विचही चांगलाच निघाला! मॅटवर प्लास्टिकचा चुरा पडलेला, आणि मी तो आठवडाभर पोरांच्या खाऊचा समजून झटकत होतो. क्लच पेडलच्या पट्टीवर स्विचची दांडी टेकायला एक छोटं बूच असतं, ते जुनं होऊन फुटलं होतं. दांडी भोकातून आरपार जायची आणि ईसीयूला क्लच कायम दाबलेला दिसायचा. त्या भोकात नट-बोल्ट घालून दुसऱ्या दिवशी नागपूरहून निघालो, समृद्धीवर क्रूझ निमूट चालला. बूच नंतर मिळालं, अगदी किरकोळ किमतीत.

स्पीडोमीटर नीट चालतोय आणि एबीएसचा दिवा नाही, तर स्पीड सेन्सरच्या मागे लागू नका. चेक इंजिनचा दिवा मात्र असेल तर आधी तो निस्तरा, कित्येक गाड्या तेवढ्यावरच क्रूझ बंद ठेवतात.

हे सगळं ठीक निघालं तरच 'सेट' बटणाकडे वळा. त्यासाठी एअरबॅग उतरवावी लागते. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, आणि पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचाच नाही. तो एअरबॅगचा असतो.