खडक कुठल्या दिशेला सरकला हे वाचताना आधी कुठला पृष्ठभाग बघायचा?

भाऊ, खान्देशातल्या बेसॉल्टमध्ये मायलोनाइट (खोलवर न तुटता ओढला जाऊन बारीक पट्ट्यांचा झालेला खडक) शोधत बसू नका. इथे खडक तुटून सरकलेला दिसतो, वितळल्यासारखा ओढला गेलेला नाही. भेगेच्या फलकावर, म्हणजे सपाट पृष्ठावर, कॅल्साइट या खनिजाचे तंतू पायऱ्या-पायऱ्यांनी बसलेले असतील, तर तंतूंच्या ओळीने बोट फिरवा. ज्या बाजूला गुळगुळीत लागतं, त्या बाजूला तुटून गेलेला समोरचा भाग सरकला. बोट अडलं तर उलट. तंतू नसतील, नुसते ओरखडे असतील, तर पायऱ्या फसवतात. आणि धुळे-नंदुरबारकडची डाइक (भेगेत घुसून गोठलेली खडकाची भिंत) मध्येच बाजूला सरकलेली दिसली, की लगेच भ्रंश, म्हणजे खडक सरकलेली भेग, म्हणू नका. मॅग्मा (जमिनीखालचा वितळलेला खडक) तुकड्या-तुकड्यांच्या भेगांत घुसला तरी तसंच दिसतं.

खरा शिअर झोन, म्हणजे खडक न तुटता ओढला जाऊन सरकलेला पट्टा, बघायचा तर सातपुड्यातल्या गाविलगड-तान पट्ट्यात जावं लागेल. तिथे सगळ्यात मोठी चूक चुकीच्या पृष्ठभागावर होते. लिनिएशनला (खनिजं ओढली गेल्याच्या रेषांना) समांतर आणि फोलिएशनला (खडकातल्या पातळ पापुद्र्यांना) काटकोनात असलेला फलकच वाचा. त्यात फेल्डस्पार खनिजाच्या डोळ्यासारख्या दाण्याची वरची शेपटी उजवीकडे आणि खालची डावीकडे असेल, तर वरचा भाग उजवीकडे गेला. ढकललेल्या पत्त्यांच्या कॅटसारखे एस-पृष्ठही (दाणे चपटे होऊन तयार झालेले तिरपे पापुद्रे) सरकण्याच्या दिशेलाच झुकतात. सी-पृष्ठाशी, म्हणजे ज्यावर सरकणं होतं त्या पृष्ठाशी, त्यांचा कोन सुरुवातीला सुमारे 45° असतो, विरूपण वाढलं की कमी होतो. खडकाच्या एकट्या घडीवर मात्र भरवसा नको.

तोच फलक पलीकडून पाहिला की उजवं डावं होतं, म्हणून कुठल्या दिशेला तोंड करून पाहिलं ते वहीत लिहाच. नमुना फोडण्याआधी त्यावर उत्तर दिशा, नती (पृष्ठाचा कल) आणि वरची बाजू मार्करने आखा. नंतर आठवत नाही.