पार्किन्सन्स: मेंदूतल्या तारेचा उपयोग नेमका कोणाला?

प्रश्न: वडिलांना (वय ६३) नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. दिवसातून पाच वेळा सिंडोपा घेतात, तरी दोन तासांत गोळीचा असर उतरतो आणि खुर्चीतून उठवत नाही. असर असतो तेव्हा मान आणि हात आपोआप वळवळतात. डॉक्टरांनी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार बसवून बॅटरीवर वीज देणं) सुचवलंय. मेंदूत तार घालून हा आजार कसा काय आटोक्यात येतो? काय बिघडू शकतं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: गोळी लागू पडते, पण टिकत नाही; डीबीएसचा विचार याच टप्प्यावर करतात. तरी तारीख घेण्याआधी ‘लेव्होडोपा चॅलेंज’ चाचणी झाली का, ते विचारा (लेव्होडोपा म्हणजे सिंडोपातलं मुख्य औषध). तिच्यात रात्रीपासून साधारण १२ तास पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद ठेवतात. सकाळी हालचालींना गुण देतात: अंगठा आणि तर्जनीची भराभर उघडझाप, टाच आपटणं, हाताचा आधार न घेता उठणं, चालून वळणं. मग नेहमीच्या सकाळच्या डोसच्या सव्वा ते दीडपट लेव्होडोपा देऊन, असर पूर्ण चढल्यावर तेच सगळं पुन्हा तपासतात. इथे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. ते निदान ३० टक्क्यांनी उतरायला हवेत. ही चाचणी घरी आपल्या मनाने करू नका. गोळ्या एकदम थांबवल्यास अंग ताठरून जिवावर बेतणारा ताप येऊ शकतो.

चाचणीवर एवढा भर का? कंप सोडला, तर उत्तम डोसनेही जे सुधारत नाही, ते डीबीएसनेही सहसा सुधारत नाही. गोळी भरात असताना पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जात असेल, तर ते तसंच राहतं. बोलणं तर कधी कधी आणखी अस्पष्ट होतं. स्मृतिभ्रंश सुरू झाला असेल तर ऑपरेशन टाळावं. घरच्यांच्या पदरी निराशा येते ती बहुधा ही छाननी नीट न झाल्यामुळे.

आता विजेबद्दल. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात अमली पदार्थ घेणारे काही तरुण अचानक ताठरून गेले. न्यूरोलॉजिस्ट विल्यम लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी माग काढला, तेव्हा कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे रसायन सापडलं. ते मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मारतं; पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरतात. त्याच्या आधारे माकडांमध्ये माणसासारखा पार्किन्सन्स अभ्यासता येऊ लागला. अशा माकडांच्या मेंदूत महलॉन डीलाँग यांच्या गटाला सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा छोटा भाग अति सक्रिय दिसला. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं, की तो निकामी केला तर माकडं पुन्हा हालू लागतात. तिकडे फ्रान्समध्ये ग्रनोबलला न्यूरोसर्जन अलीम-लुई बेनाबीद आणि न्यूरोलॉजिस्ट पियर पोलाक यांना १९८७ मध्ये आढळलं होतं, की थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागात १०० हर्ट्झच्या वरची (सेकंदाला शंभराहून जास्त ठोक्यांची) वीज दिली की कंप थांबतो. जागा जाळायची गरज नाही, वीज बंद केली की परिणामही परत घेता येतो. हे दोन धागे जुळले आणि १९९३ च्या सुमारास ग्रनोबलमध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्येच तार बसवली गेली. प्रयोगशाळेने आणि ऑपरेशन थिएटरने एकमेकांचं काम मनापासून वाचलं, म्हणून हा उपचार उभा राहिला.

मात्र पेशी मरणं विजेने थांबत नाही. पार्किन्सन्समध्ये या भागातल्या पेशी एका बिघडलेल्या लयीत एकदम धडधडतात. ती लय वीज मोडते. म्हणजे त्रास कमी होतो, आजार चालूच राहतो.

सगळी मदार जागेवर आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस जेमतेम सहा मिलिमीटरचा, तार सव्वा मिलिमीटर जाडीची, टोकाला दीड-दीड मिलिमीटरचे चार संपर्कबिंदू. तार बाहेरच्या बाजूला सरकली तर चेहरा-हात ओढले जातात, जीभ जड होते. मागे सरकली तर मुंग्या थांबत नाहीत. आत सरकली तर डोळा एकीकडे वळतो. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी रुग्णाला जागं ठेवून तपासतात. मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती शंभरात एखाद-दोघांना असते. जंतुसंसर्ग झाला तर कधी बॅटरीसकट सगळं काढावं लागतं.

ऑपरेशननंतर लगेच वाटणारा आराम फसवा असतो: तार शिरताना झालेल्या सुजेमुळे तो येतो आणि ओसरतो. यंत्राची खरी जुळवणी काही आठवड्यांनी सुरू होते, साधारणपणे १३० हर्ट्झ आणि ६० मायक्रोसेकंदांच्या ठोक्यापासून. पुढे काही महिने फेऱ्या माराव्या लागतात; हॉस्पिटल निवडताना ही जुळवणी कोण करणार, हे आवर्जून विचारा. गोळ्या हळूहळू कमी करतात. घाईने उतरवल्या तर माणूस उदास, निरुत्साही होतो, आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन फसलं.

प्रश्न: आईला डीबीएस बसवलंय. गुडघेदुखीसाठी मशीनचा शेक चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंड डायथर्मी शरीरावर कुठेही चालणार नाही, यंत्र बंद असलं तरीही. ऊर्जा तारेतून टोकापर्यंत जाऊन मेंदू भाजतो. यातून मृत्यूही झाले आहेत. गरम पाण्याची पिशवी चालेल. एमआरआयआधी यंत्राचं मॉडेल सांगून परवानगी घ्या, आणि यंत्राचं ओळखपत्र आईच्या पर्समध्ये कायम असू द्या.