उन्हाळ्यापुरतं उघडणारं सिनेगॉग

प्रश्न : मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो असताना फायर आयलंड पाहिलं. तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, फक्त उन्हाळी मोसमात चालतं, असं कळलं. प्रार्थनास्थळ एवढे महिने बंद ठेवलेलं धर्माला चालतं का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : चालतं. हिवाळ्यात केदारनाथाचे दरवाजे मिटले, तरी उत्सवमूर्तीची पूजा उखीमठात चालू ठेवावी लागते. ज्यू धर्मात मूर्तीच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. सामूहिक प्रार्थनेला हवा असतो मिन्यान, म्हणजे वयाची 13 वर्षं पूर्ण केलेले किमान 10 जण. ऑर्थोडॉक्स पंथात यात पुरुषच मोजतात. नऊच जमले तर प्रत्येकाला आपापली प्रार्थना करता येते, पण कद्दिश ही देवस्तुतीची प्रार्थना म्हणता येत नाही आणि तोरा या धर्मग्रंथाचं जाहीर वाचनही होत नाही.

मग चार महिन्यांच्या वस्तीला स्वतंत्र सिनेगॉग कशाला? कारण शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्ताला तो लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत असतो. तेवढ्या वेळात कर्मठ ज्यू वाहनात बसत नाहीत. बेटावरून मुख्य भूमीवर जायचं तर फेरीबोट हवी, म्हणून सिनेगॉग पायी जाण्याच्या अंतरावरच लागतं. 1952 साली सीव्ह्यू वस्तीत ते सुरू झालं, त्यात कादंबरीकार हर्मन वूक यांचा पुढाकार होता.

बंद इमारतीत खरी काळजी सेफेर तोराची, म्हणजे तोराच्या गुंडाळीची. चर्मपत्रावर हाताने लिहिलेली 3,04,805 अक्षरं. ओलाव्याने चर्मपत्र आकसतं-फुगतं आणि वर बसलेली शाई तडकते. एका अक्षराचा टवका उडाला, तरी दुरुस्ती होईपर्यंत ती प्रत वाचनाला बाद. वाचता वाचता असा दोष दिसला तर दुसरी प्रत काढतात. म्हणून दमट, बंद जागेत ती महिनोन्‌महिने ठेवू नये. कोरड्या, वापरातल्या जागी हलवावी आणि पुन्हा वाचायला घेण्याआधी जाणकार सोफेरकडून, म्हणजे लेखनिकाकडून, तपासून घ्यावी. थंडीत गोठून नळ फुटतात, त्यामुळे इमारत बंद करताना पाइपांतलं पाणीही पूर्ण काढावं लागतं.

आपल्या कोकणातली अडचण वेगळी, आणि जास्त हळहळ वाटावी अशी. 1948 नंतर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कुटुंबं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली, त्यामुळे गावोगावच्या सिनेगॉगांत मिन्यान जमवणंच अवघड झालं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ पाहायला गेलात, तर आधी विचारून जा, डोकं झाका आणि शब्बाथला फोटो काढू नका.