वाचकांचे प्रश्न : पद बदलले की मत का बदलते?

प्रश्न : मी एका कारखान्यात अनेक वर्षे यंत्रावर काम केले आणि अलीकडेच मला पर्यवेक्षक म्हणून बढती मिळाली. कामगार असताना पाळीला दहा मिनिटे उशिरा येणाऱ्याची बाजू मीच घेत असे. आता तोच उशीर मला बेशिस्त वाटतो. जुने सहकारी म्हणतात की खुर्ची माझ्या डोक्यात गेली आहे. मला मात्र माझे आजचे मत मनापासून पटते. मग पूर्वीचे मत खोटे होते का? आणि माझे स्वतःचे म्हणावे असे मत मला आहे तरी का?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्यांना जाणवलेला बदल खरा आहे, पण त्यांनी त्याचे लावलेले कारण मला पटत नाही. सीमोर लीबरमन या अमेरिकी संशोधकाने १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास नेमका तुमच्या अनुभवाशी जुळतो. एका कारखान्यातील जवळजवळ सर्व कामगारांची मते १९५१ मध्ये प्रश्नावलीद्वारे नोंदवून घेण्यात आली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी २३ जण फोरमन, म्हणजे पर्यवेक्षक, झाले आणि ३५ जण कामगार संघटनेचे प्रतिनिधी झाले. त्यानंतर त्या सर्वांना पुन्हा तेच प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांची तुलना, आधीची मते त्यांच्यासारखीच असलेल्या पण कामगारच राहिलेल्या सहकाऱ्यांच्या उत्तरांशी करण्यात आली. फोरमन झालेल्यांना कंपनी आणि तिचे वरिष्ठ अधिकारी पूर्वीपेक्षा चांगले वाटू लागले होते, संघटनेबद्दलचे त्यांचे मत उतरले होते, आणि बढती देताना सेवाज्येष्ठतेला कमी महत्त्व असावे असे ते म्हणू लागले होते. प्रतिनिधी झालेल्यांची मते उलट दिशेने, मात्र काहीशी कमी प्रमाणात, सरकली होती.

या अभ्यासाचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. मध्यंतरी मंदी आली आणि १९५४ पर्यंत त्या फोरमनपैकी आठ जणांना पुन्हा कामगार म्हणून काम करावे लागले. त्यांची मते पुन्हा विचारली, तेव्हा ती बहुतांशी पूर्वीच्या जागी परतलेली आढळली. जे फोरमनच राहिले, त्यांची नवी मते टिकून होती. संख्या लहान आहे, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठा भार टाकता येणार नाही. तरीही हा बदल केवळ अहंकारातून आला असता, तर पद गेल्यावर तो इतक्या सहजपणे ओसरला नसता, असे मला वाटते.

हे कसे घडते, याची दोन कारणे लीबरमन यांनी सुचवली होती. पहिले कारण सोबतीचे आहे. ज्यांच्या नजरेत आपण योग्य ठरावे असे आपल्याला वाटते, तो गट पदाबरोबर बदलतो. काल तुमचे बोलणे यंत्राशेजारच्या माणसाशी होत होते, आज ते इतर पर्यवेक्षकांशी आणि वरच्या अधिकाऱ्यांशी होते. दुसरे कारण कृतीचे आहे. जे काम रोज करावे लागते, त्याच्याशी विसंगत मत मनात बाळगणे माणसाला जड जाते, आणि काम बदलता येत नसेल तर हळूहळू मतच कामाकडे सरकते.

तुमचेच उदाहरण पाहा. पाळी सुरू होण्याची वेळ झाली आहे, हजेरीचे पुस्तक तुमच्यापुढे उघडे आहे, एका यंत्रावर माणूस नाही आणि आधीच्या पाळीतला थकलेला कामगार सुटका होण्याची वाट पाहत तिथेच उभा आहे. कामगार असताना तुम्हाला उशिरा येणाऱ्याच्या घरची अडचण ठाऊक असे. आता तुम्हाला त्या ताटकळणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हा पूर्वीचे मत खोटे नव्हते आणि आजचेही नाही. दोन्ही मते त्या त्या जागेवरून जेवढे दिसले, तेवढ्यावर उभी होती.

स्वतःच्या मताबद्दल तुम्ही विचारले आहे, त्याबाबत मानसशास्त्रज्ञ थिओडोर न्यूकम यांच्या अभ्यासाचा आधार घेता येईल. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकेतील बेनिंग्टन या महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींची राजकीय मते तपासली. पुराणमतवादी घरांतून आलेल्या अनेक मुली तिथल्या उदारमतवादी वातावरणात काही वर्षांतच बदलल्या, आणि सुमारे पंचवीस वर्षांनी न्यूकम पुन्हा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकींची बदललेली मते कायम होती. त्यांच्या पतीची आणि मैत्रिणींची मतेही बहुधा त्यांच्याशी जुळणारी होती. मत आपण घडवतो आणि मग ते सांभाळणारी माणसेही आपणच निवडतो. म्हणून माझा तुम्हाला आग्रहाचा सल्ला आहे की जुन्या सहकाऱ्यांबरोबरचे उठणे-बसणे सोडू नका. त्यांची नाराजी ऐकणे कठीण जाईल, परंतु तुमच्या खुर्चीवरून जे दिसत नाही, ते तुम्हाला केवळ त्यांच्याकडूनच कळू शकते.

प्रश्न : गणवेश आणि अधिकार दिला की साधी माणसेही क्रूर होतात, हे तुरुंगाच्या प्रसिद्ध प्रयोगातून सिद्ध झाले आहे, असे आम्हाला शिकवले गेले. ते खरे मानावे का?

उत्तर : त्या स्वरूपात मानू नये. मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात उभारलेल्या नकली तुरुंगात काही विद्यार्थ्यांना रक्षक आणि काहींना कैदी केले. दोन आठवड्यांसाठी आखलेला तो प्रयोग सहा दिवसांतच थांबवावा लागला. परंतु सौम्य वागणाऱ्या एका रक्षकाला अधिक कठोर होण्याचा आग्रह प्रयोग चालवणाऱ्यांच्याच बाजूने झाला होता, हे ध्वनिमुद्रणावरून पुढे उघड झाले. शिवाय सगळेच रक्षक क्रूर झाले नव्हते. अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायशर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये तशीच रचना उभी केली, तेव्हा रक्षकांना अधिकार गाजवणे अवघड वाटले, त्यांची एकजूट झाली नाही, आणि कैद्यांनीच ती व्यवस्था मोडून काढली. भूमिकेचा दाब मोठा असतो, हे मी वर लिहिलेच आहे. पण ती कशी वठवायची हे कोणीतरी सांगत असते आणि ते ऐकायचे की नाही हे आपण ठरवत असतो. ‘माझ्या पदाने मला तसे वागायला लावले’ ही सबब म्हणूनच पूर्णपणे स्वीकारता येत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीत अध्यक्षांनी ठराव मांडला की सगळे मान डोलावतात, आणि बाहेर पडल्यावर प्रत्येक जण म्हणतो की मला तो पटला नव्हता. मीही त्यांच्यातलाच आहे. यावर उपाय काय?

उत्तर : तुम्ही सगळे एकमेकांच्या गप्प बसण्याला संमती समजत आहात. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत, कोणती रेषा दिलेल्या रेषेएवढी आहे इतकाच सोपा प्रश्न होता. आधी ठरवून बसवलेल्या माणसांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की खऱ्या सहभागींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी त्यांच्यामागे जात. मात्र एकच जण बरोबर उत्तर देणारा निघाला की अशा चुका पूर्वीच्या जवळपास एक चतुर्थांशावर येत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या एकट्याने गटापेक्षा वेगळे पण चुकीचेच उत्तर दिले, तरीही इतरांचा धीर बऱ्याच प्रमाणात वाढत असे. उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायचे असले, तरी गटामागे जाणाऱ्यांचे प्रमाण घटत असे.

तेव्हा ठराव चर्चेला येण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आपले मत चिठ्ठीवर लिहावे आणि अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे, असा प्रस्ताव मांडा. तोही मांडणे शक्य नसेल, तर पुढच्या बैठकीपूर्वी एका सदस्याशी बोलून घ्या आणि बैठकीत दोघांपैकी एकाने तरी शंका विचारायची, एवढे ठरवा. ती शंका बिनतोड असण्याची गरज नाही. ती सर्वांसमोर विचारली जाणे पुरेसे आहे.